धुतलेला काथ्या

“तुम्ही या कामातले आहात म्हणून विचारते,” बाईसाहेब म्हणाल्या. “हा वास माशाचा आहे की नाही, तेवढंच सांगा.”

मी खुर्चीच्या बैठकीवर वाकून नाक टेकवलं होतं. माझ्या मागे दारात नागूबाई उभी होती. हातात पाण्याची बादली, खांद्यावर ओलं फडकं. ती त्या बंगल्यात कामाला होती. बाईसाहेब तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

“माशाचाच आहे,” मी म्हणालो.

विचारलं तेवढंच सांगितलं. शब्द खरा होता. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं नागूबाईला घरी पाठवून दिलं. या गोष्टीला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी आठवलं की मला राग येतो. बाईसाहेबांचा येतो, माझ्या मालकाचा येतो आणि सगळ्यात जास्त त्या खुर्चीवर वाकलेल्या तेवीस वर्षांच्या माणसाचा येतो. तो माणूस मी.

मी कुशनवाला. गादीच्या खुर्च्या, कोच, मोटारीच्या सीटा भरायच्या, शिवायच्या, जुन्या झाल्या की उघडून पुन्हा करायच्या, हे माझं आयुष्यभराचं काम. साठच्या दशकात पालघर स्टेशनजवळ बाबूशेठ नावाच्या माणसाचं फर्निचरचं दुकान होतं, तिथं मी कारागीर होतो. दुकानात दोन सुतार, एक पॉलिशवाला आणि कुशनला मी. बाबूशेठनंच मला हे काम शिकवलं. सुई कशी धरायची इथपासून शिकवलं. त्यामुळे माणूस वाईट नव्हता असं पुष्कळ लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

त्या काळात बोईसर-तारापूरकडे बांधकामाची मोठी धामधूम होती. शेतातून रस्ते निघत होते, ट्रक धावत होते, देशभरातून इंजिनिअर आणि अधिकारी येऊन राहत होते. त्यांच्यासाठी लहान लहान कॉलन्या उठल्या. नवे बंगले, रिकाम्या खोल्या. मुंबईहून फर्निचर आणायचं तर वाटेत मोडायचं. म्हणून ऑर्डरी पालघरला यायला लागल्या. आमच्या दुकानानं इतकं काम पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या घाईत जे होतं तेच झालं.

गादीची खुर्ची आतून कशी असते हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. खाली लाकडी चौकट. चौकटीला आडव्या-उभ्या जाड पट्ट्या ताणून ठोकलेल्या. त्या पट्ट्यांवर स्प्रिंगा सुतळीनं बांधलेल्या. स्प्रिंगांवर गोणपाट. गोणपाटावर काथ्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा पिंजलेला धागा. काथ्यावर कापसाचा थर आणि सगळ्यात वर तुम्हाला दिसतं ते कापड. खुर्ची उलटी केली की तळाला एक काळं पातळ कापड दिसतं, ते धूळ पडू नये म्हणून. लोक वरच्या कापडाचा रंग बघून खुर्ची घेतात. पण खुर्ची चांगली की वाईट हे तो काथ्या ठरवतो.

काथ्या दोन तऱ्हेचा. एक नवा, दक्षिणेकडून गाठोड्यांनी येतो, सोनेरी, हातात घेतला तर कुरकुरतो. दुसरा जुन्या दोरांचा. त्या वेळी सातपाटीच्या होड्यांवर नांगराला, जाळ्यांना काथ्याचेच दोर असत. चार-पाच वर्षं समुद्रात राहून कुजायला आले की ते फेकून देत. कोणीतरी ते उचलून आणी, पिळे सोडवी, पिंजी आणि भरणीसाठी विकी. दिसायला काळपट, पण कापडाआड कोण बघतो?

थंडीच्या दिवसांत एका बांधकाम कंपनीच्या इंजिनिअरसाहेबांची ऑर्डर आली. चार गादीच्या खुर्च्या, हिरवं जाड कापड. कंपनी कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, तिचा यात दोष नव्हता. साहेबांच्या बाईंनी ऑर्डरच्या कागदावर बजावून लिहून घेतलं होतं: काथ्या स्वच्छ धुतलेला पाहिजे. बाई घाटावरच्या, नीटनेटक्या. नव्या काथ्यात धूळ असते, ती मुलांच्या छातीत जाते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. यात चूक काही नव्हतं.

नवा काथ्या त्या आठवड्यात आलाच नाही. खुर्च्यांची तारीख ठरलेली. बाबूशेठनं मागच्या पडवीतून दोराचा काथ्या काढला आणि माझ्यापुढं टाकला.

“शेठ, कागदावर धुतलेला लिहिलंय,” मी म्हणालो.

“मग हा काय?” ते म्हणाले. “पाच वर्षं समुद्रात धुतलाय. याच्याहून जास्त कोण धुणार?”

सगळे हसले. दोन्ही सुतार हसले, पॉलिशवाला हसला. मी पण हसलो. मग बसलो आणि चारही खुर्च्या त्यानं भरल्या. थंडीची कोरडी हवा होती, काथ्या खडखडीत वाळलेला, वास नावाला नाही. मागच्या कडेला मी दुहेरी टाका घातला. तो माझा ठरलेला टाका, दुसरं कोणी तसा घालत नसे. खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या आणि मी त्या विसरून गेलो.

आषाढात कंप्लेंट आली. बाबूशेठनं मला बोलावून सांगितलं की बोईसरला जा, खुर्च्या साफ करून ये, बाईंना चार गोष्टी शिकव. आणि मग आवाज खाली करून म्हणाले, आत हात घालायचा नाही, वास आहे म्हणाल्या तर बाहेरचा आहे म्हणायचं. मी पिशवीत ब्रश, कोंडा, खडूची पूड आणि पेट्रोलची बाटली घेऊन गाडीत बसलो. बाहेरचा वास म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

बंगल्यात पोचलो तर बाईसाहेब कातावलेल्या होत्या. चारही खुर्च्यांना वास येत होता. सकाळी कमी, पाऊस लागला की जास्त. साहेबांचे पाहुणे आले होते, त्यातल्या एका बाईनं बसता बसता नाकाला रुमाल लावला होता. बाईसाहेबांना कारणाचा शोधही लागलेला होता. घरात मासे शिजत नव्हते. मासेवाली अशी घरात एकच होती, ती सातपाटीची नागूबाई. आपण बाहेर गेलो की ती खुर्चीवर बसते, म्हणून खुर्चीला वास. मग त्यांनी उपायही शोधला होता. रोज सकाळी नागूबाईकडूनच त्या खुर्च्या साबणाच्या पाण्यानं घासून घेत होत्या.

इथं मला आमच्या कामातली पहिली गोष्ट सांगायलाच हवी. गादीच्या खुर्चीवर पाणी ओतायचं नसतं. कधीच नाही. कापड वरून वाळतं, पाणी आत उतरतं. आत काथ्या, कापूस, गोणपाट, ते आठवडा आठवडा वाळत नाही. आणि आतला काथ्या समुद्रातला असेल तर तो मिठानं भरलेला असतो. मीठ पावसाळ्यात नुसत्या हवेतलं पाणी ओढतं. त्यावर रोज बादलीभर साबणाचं पाणी. म्हणजे ती बाई जितकी खुर्ची घासत होती तितका वास जागा होत होता. दुसऱ्या दिवशी वास वाढलेला बघून बाईसाहेब तिला आणखी जोरानं घासायला लावत होत्या.

हे मला नाक टेकवताक्षणी कळलं. मागच्या कडेला बोट फिरवलं तर माझा दुहेरी टाका. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. आणि तेव्हाच बाईसाहेबांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं.

नागूबाई चाळिशीतली होती. नवरा होडीवर पडून कमरेतून गेलेला, घरीच असायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कोळणीच्या टोपलीला काम नसतं. ते चार महिने काढायला ती या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची आणि रविवारी घरी जायची. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती एवढंच बोलली, “आमच्या होड्या वर हायत, बाय. दोन म्हयने ताज्या म्हावऱ्याला हात लागला नाय माजा.”

“मग वास कुठून आला?” बाईसाहेब म्हणाल्या. “हे कारागीर आहेत. खोटं बोलतात का ते?”

नागूबाई माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवी उघडून कोंडा शोधत बसलो.

आणि मग मी काय केलं, तर काम केलं. मोठ्या हौसेनं केलं. बाईसाहेबांना सगळं दाखवलं. गव्हाचा कोंडा तव्यावर गरम करायचा, हाताला सोसेल इतपत, आणि कोरडाच कापडावर मुठीनं चोळायचा. मळ आणि तेलकटपणा कोंड्यात येतो. मग ब्रशनं झाडायचं, एकाच दिशेनं. साहेबांच्या डोक्याच्या तेलाचा पाठीला जो डाग पडला होता त्याच्यावर पेट्रोलचं बोट फिरवलं आणि खडूची पूड दाबून ठेवली. पाठीवर एक धुवायचं कापड टाकत जा म्हटलं. कोपऱ्यातली धूळ काढायला वाकडी काडी आणि फडकं. ऊन पडेल तेव्हा खुर्ची उलटी करून तळाला ऊन द्यायचं, वरच्या कापडाला नाही, रंग उडतो. पाणी लावू नका हे सुद्धा सांगितलं. सगळं सांगितलं. सांगायचं तेवढं सोडून सगळं सांगितलं.

बाईसाहेब खूष झाल्या. मला चहा दिला. मी चहा पीत असताना मागच्या खोलीतून नागूबाई तिचं गाठोडं घेऊन बाहेर आली आणि फाटकाकडे गेली. पाऊस पडत होता. तिनं डोक्यावर गोणपाट घेतलं होतं. मी चहा संपवला.

दुकानात येऊन बाबूशेठना सांगितलं, की वासाचा आळ बाईवर गेला, बाईला काढलं. ते म्हणाले, बरं झालं, मिटलं. मी म्हटलं, शेठ, तो दोराचा वास आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आता तिसऱ्याला कशाला? तुझ्या घरी खाणारी तोंडं किती, असं त्यांनी वर विचारलं. त्यांना माहीत होतं. घरात कमावणारा मी एकटा होतो, आई आणि दोन बहिणी माझ्यावर होत्या. मी मूग गिळून गप्प बसलो. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं झालं एवढंच.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते बढाई मारून सांगण्यासारखं नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, दुसऱ्या खुर्च्या भरत होतो. फक्त काथ्याला हात घातला की चिडचिड व्हायची. सुतारावर ओरडलो. बहिणीवर ओरडलो. आई म्हणाली, तुला झालंय काय? मी तिला सुद्धा सांगितलं नाही. राग योग्य माणसावर काढायला जी हिंमत लागते ती नसली की माणूस असा घरात ओरडत फिरतो.

अकराव्या दिवशी बोईसरहून पुन्हा निरोप आला. वास आहेच.

बाबूशेठनं या वेळी मला अत्तराची बाटली दिली. कापसाचे बोळे भिजवून कडेच्या फटीत सारून ये म्हणाले. आणि विचारलं तर सांग, की त्या बाईचा वास कापडात मुरलाय, हळूहळू जाईल.

मी बाटली घेतली. तीही घेतली.

बंगल्यात गेलो तर नवी बाई कामाला लागलेली. मासवणकडची, लाडकी नावाची. डोंगराकडच्या पाड्यातली, भात लावून झालं की कामाला बाहेर पडणाऱ्यांपैकी. अंगानं बारीक, बोलायला बुजरी. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती आणि बाईसाहेब तिच्यासमोर मला सांगत होत्या, की पहिली गेली तरी वास आहे, म्हणून काल मी हिलाच विचारलं, तू काय खातेस. ही म्हणते, सुका बोंबील खाते. म्हणजे बघा. या भागात सगळ्या सारख्याच. उद्यापासून हिलाही येऊ नको सांगणार आहे.

लाडकी खाली बघत होती. तिला हे सगळं नीट कळत होतं की नाही ते मला कळलं नाही.

माझं डोकं फिरलं. अकरा दिवस साचलेलं सगळं एकदम वर आलं. मी अत्तराची बाटली टेबलावर ठेवली, जवळची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि बाईसाहेबांच्या त्या स्वच्छ फरशीवर उलटी केली. त्या “अहो, काय करता” म्हणेपर्यंत पटाशीनं चार खिळे काढून तळाचं काळं कापड टराटर फाडलं होतं. पट्ट्यांच्या आणि स्प्रिंगांच्या मधून हात आत घातला, सुरीनं गोणपाट कापलं आणि मूठभर काथ्या ओढून काढला.

काळा, ओला, चिकट. खोलीभर वास पसरला. बाईसाहेबांनी पदर नाकाला लावला. मी पुन्हा हात घातला तर बोटाएवढा एक तुकडा हाताला लागला, न पिंजलेला. दोराचा पीळ तसाच होता आणि त्यात एक गाठ. गाठीत माशाचे दोन खवले चिकटलेले होते. मी ती त्यांच्यासमोर धरली.

“हे बघा तुमचे मासे,” मी म्हणालो. “हा होडीचा दोर आहे. खुर्ची आमच्या दुकानातून आली तेव्हाच आत होता. मी भरलाय. या हातांनी.”

बाईसाहेब त्या गाठीकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं, वास माशाचा आहे का. तेवढंच सांगा म्हणालात.”

हे मी का बोललो कोण जाणे. खरं होतं, पण नीच होतं. त्यांनी तोंड फिरवलं. मग त्यांना शेठचा राग आला, मोठा राग आला, फसवणूक, विश्वासघात, साहेबांना सांगते, दुकान बंद करवते. दहा मिनिटं त्या शेठबद्दलच बोलत होत्या. मी थांबलो. लाडकीनं तोपर्यंत फरशीवरचा काथ्या सुपलीत भरायला घेतला होता.

“आणि नागूबाई?” मी विचारलं.

“हो, हो,” त्या म्हणाल्या. “तिला निरोप द्या. म्हणावं सोमवारपासून ये. ही राहील वरच्या कामाला.”

मी पालघरला उतरलो आणि तो दोराचा तुकडा बाबूशेठच्या गल्ल्यावर ठेवला. पुढं काय झालं ते लांबवत नाही. ते म्हणाले, काथ्या तू भरलास, टाका तुझा आहे, मी सगळ्यांना सांगेन की कारागिरानं माल बदलला. मी म्हणालो, सांगा. त्यांनी मला शिकवलेलं सगळं काढून दाखवलं, सुई कोणी धरायला शिकवली, पहिला हातोडा कोणी दिला. मी हातोडा त्यांच्यापुढं ठेवला आणि बाहेर पडलो. सुतार दोघेही मान खाली घालून रंधा मारत होते. हसायला सगळे होते, आता कोणी नव्हतं. मला त्यांचाही राग आला. मग आठवलं, अकरा दिवस मीही असाच मान खाली घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सातपाटीला गेलो. पावसानं उघडीप दिली होती. होड्या झावळ्यांखाली झाकून ओळीनं उभ्या होत्या. नागूबाईचं घर विचारलं तर एका म्हाताऱ्यानं आधी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुठून आला. बोईसरच्या बंगल्याचं नाव काढल्यावर तो थुंकला. गावात सगळ्यांना कळलेलं होतं, की वास मारते म्हणून नागूला काढली. कोळ्यांच्या गावात ही गोष्ट सांगून बघा. निम्मं गाव हसलं होतं, निम्मं चिडलं होतं, आणि दोन्हीचा त्रास तिलाच.

ती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. आत नवरा पडलेला दिसत होता. मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोर, काथ्या, मीठ, पाणी. मीच भरला होता हे सांगितलं. त्या दिवशी मला माहीत होतं हेही सांगितलं. शेवटी निरोप दिला, सोमवारपासून बोलावलंय.

तिनं हातातले बोंबील खाली ठेवले.

“बाय चुकली म्हनाली?”

“नाही. ये म्हणाल्या.”

“मंग नाय येत.”

मी म्हटलं, नागूबाई, होड्या पाण्यात उतरायला अजून अवकाश आहे, घरात हे असं, विचार करा. हे मला बोलायचा काय अधिकार होता? पण मी बोललो. ती माझं ऐकत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

“तुमाला यक सांगू?” ती म्हणाली. “मी तोंडानं बोलली, माजा हात लागला नाय म्हनून. पन मना पन वाटला, माजाच वास हाय. तुमी कारागीर मानूस, तुमी सांगितला. त्याच्या आदी पन ततं, बंगल्यावर, रोज सकाली अंग घासायची. बायनं दगड दिलेला, त्यानं घासायची. हात हुंगायची, लुगडा हुंगायची. काय येत नवता. तरी वाटला, आपल्याला कललं नाय, लोकांना कललं.”

तिनं हात पुढं केले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली होती. खपल्या धरलेल्या, काही अजून ओल्या.

“घरी आली तरी घासतंय,” ती म्हणाली. “आता तुमी सांगता, दोर व्हता.”

मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, व्हय. आणि पुन्हा बोंबील निवडायला लागली. आतून नवऱ्यानं विचारलं, कोन हाय? ती म्हणाली, कोन नाय.

ती बंगल्यावर गेली नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या आणि तिनं टोपली घेतली, असं ऐकलं. बाईसाहेबांनी चारही खुर्च्या माझ्याकडूनच पुन्हा भरून घेतल्या, नव्या काथ्यानं, माझ्या घराच्या ओटीवर. तेच माझ्या स्वतःच्या धंद्याचं पहिलं काम. बाबूशेठचं दुकान चांगलं चाललं. कोणी बंद केलं नाही. पुढं त्यांच्या मुलानं वाढवलं सुद्धा.

चाळीस वर्षं मी लोकांच्या खुर्च्या दुरुस्त केल्या. घरोघरी तीच तक्रार ऐकली, की वास येतो, आणि त्याबरोबर कोणाचं तरी नाव. मोलकरीण, म्हातारी सासू, भाडेकरू, घरातला आजारी माणूस. मी कोणाचं ऐकून घेत नाही. आधी खुर्ची उलटी करतो, तळाचं कापड उघडतो, हात घालतो. लोकांना वाटतं, केवढा जाणकार. यात जाणकारी काही नाही. त्याला दोन मिनिटं लागतात. मला अकरा दिवस लागले होते, आणि तेवढे दिवस एक बाई दगडानं हात घासत होती.